धारोष्ण दूध आणि आठ अक्षरांचा पत्ता

१. कट्ट्यावरचा प्रश्न

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभं राहिलं की पुढ्यात म्हैस, तिच्याखाली बसलेला गवळी आणि चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज. दूध तापवायचं नाही, घरी न्यायचं नाही. पेला हातात आला की फेसासकट तिथंच प्यायचं. धारोष्ण दूध म्हणतात ते हेच. आसपासच्या तालमींतली पोरं हौद्यातली माती धुऊन इथं येतात आणि अर्धा-अर्धा लिटर दूध सहज रिचवतात. पैलवानाच्या खुराकात बदाम आणि थंडाई आहेच, पण दूध नसेल तर त्याला खुराक कोण म्हणेल?

याच कट्ट्यावर दोन भाऊ येतात असं समजा. म्हैस एकच, पेलाही तेवढाच. थोरला दूध पिऊन घरी जातो आणि वर दोन भाकरी खातो. धाकट्याचं पोट तासाभरात डब्ब होतं, गुडगुडतं, रात्री दोनदा उठावं लागतं. 'एका आईची लेकरं, मग याला पचतं आणि त्याला का नाही?' हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेलाय तितका जीवशास्त्रातला दुसरा कुठलाही नाही. विचारणाऱ्याकडे उत्तरही तयार असतं. धाकट्याला सवय नाही, त्याचं पोट नाजूक आहे, चार महिने जोर-बैठका मारू देत, आपोआप पचेल.

खरं उत्तर पोटाच्या नाजूकपणात नाही आणि जोर-बैठकांतही नाही. ते आपल्या डीएनएतल्या एका अक्षरात आहे. शिवाय ते अक्षर दूध पचवणाऱ्या जनुकाच्या आत नाहीच, तिथून बरंच लांब आहे. इतक्या लांबून ते काम कसं करतं, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

२. कात्री कुठे गेली?

दुधातल्या साखरेला लॅक्टोज म्हणतात. ग्लुकोज आणि गॅलेक्टोज या दोन लहान साखरा एकमेकींना जोडल्या की लॅक्टोज होतं. पाव लिटर दुधात ते साधारण १२ ग्रॅम असतं. अशी जोडसाखर आतड्याच्या भिंतीतून रक्तात जाऊ शकत नाही, आधी तिचे दोन तुकडे व्हावे लागतात. लहान आतड्याच्या आतल्या मखमली अस्तरातल्या पेशी त्यासाठी एक विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करतात. त्याचं नाव लॅक्टेज. ही आपली कात्री.

कात्री पुरेशी नसली की न कापलेलं लॅक्टोज तसंच पुढे मोठ्या आतड्यात उतरतं. जाताना पाणी ओढून घेतं. मोठ्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू वाट पाहत असतात. ते या साखरेवर ताव मारतात आणि वायू सोडतात. धाकट्याची गुडगुड ती हीच.

पण हाच धाकटा सहा महिन्यांचा असताना निव्वळ दुधावर जगत होता. तेव्हा त्याला काही झालं नाही, कारण तेव्हा त्याच्याकडे कात्री भरपूर होती. जवळजवळ सगळ्याच तान्ह्या मुलांकडे ती असते. जन्मापासूनच कात्री नसणं हा वेगळा आणि अत्यंत दुर्मीळ आजार आहे, त्यात लॅक्टेजचं जनुकच बिघडलेलं असतं. धाकट्याचं तसं नाही. त्याचं जनुक आजही धडधाकट आहे. अंगावरचं दूध सुटल्यानंतरच्या वर्षांत ते हळूहळू गप्प होत गेलं, एवढंच.

हे लक्षात आलं की प्रश्न बदलतो. त्याच्याकडे कात्री का नाही, हे विचारून फारसं हाती लागत नाही. कात्री बनवायचा हुकूम कोणी थांबवला, हे विचारायला हवं. आणि थोरल्याच्या बाबतीत तो का थांबला नाही?

३. पोथी एक, पाठ निराळे

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएची सारखीच पोथी आहे. तिची अक्षरं चारच: ए, टी, जी आणि सी. एका बाजूला ए असला की समोर टी, आणि जी असला की समोर सी, अशा जोड्या लागत लागत एक पिळाची शिडी तयार होते. आईकडून आलेली एक प्रत सुमारे ३०० कोटी अक्षरांची, वडिलांकडून आलेली दुसरी जवळपास तेवढीच. दोन्ही मिळून एका पेशीतला धागा सरळ केला तर दोन मीटर भरेल. या मजकुरात प्रथिनांच्या कृती सांगणारे परिच्छेद वीस हजारांच्या आसपास आहेत. एका कृतीला आपण एक जनुक म्हणू.

पेशीला एखादं प्रथिन हवं असेल तर आधी त्या जनुकाची नक्कल काढली जाते. ही नक्कल म्हणजे आरएनए. ती नक्कल वाचून प्रथिन घडवलं जातं. नकला काढणाऱ्या यंत्रणेचं नाव आरएनए पॉलिमरेज. या नक्कलनवीसाचा हात जलद आहे, पण कोणतं पान उतरवायचं हे त्याला स्वतःहून ठरवता येत नाही.

पैलवानाचा मोडलेला कान पाहिलाय ना? त्या कानाच्या कातडीतही लॅक्टेजचं जनुक आहे. डोळ्यात आहे, यकृतात आहे. पण कान कधी लॅक्टेज बनवत नाही. ते काम लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशीच करतात. पोथी सारखी असूनही प्रत्येक पेशी तिच्यातले निवडक पाठच म्हणते, आणि ते निवडून देणारी प्रथिनं हा आपला विषय आहे. इंग्रजीतून आलेलं त्यांचं नाव ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर. आपण त्यांना नियामक प्रथिनं म्हणू. माणसात ती सुमारे १,६०० प्रकारची आहेत.

४. दारं धरणारे

उसाच्या रानात रात्रीची लाईट आली की शेतकरी बॅटरी आणि फावडं घेऊन निघतो. मोटर सुरू असते, पाट भरून वाहत असतो. आता दारं धरायचं. या सरीचं तोंड मोडायचं, त्या सरीच्या तोंडाशी मातीचा बांध घालायचा. पाणी तेच, पाट तोच, तरी कुठली सरी भिजेल आणि कुठली कोरडी राहील ते दारं धरणारा ठरवतो.

नियामक प्रथिनं पेशीत हेच करतात. काही तोंड मोडून देतात, काही बांध घालतात. त्यांना ऊस पिकवता येत नाही, म्हणजे लॅक्टेज त्यांच्या हातून घडत नाही. त्यांचं काम एवढंच, की नक्कलनवीस कुठं वळेल आणि कुठं अडेल.

या कामात केवढी ताकद आहे हे माशीकडे पाहून कळतं. घरमाशीला किंवा फळमाशीला पंखांची एकच जोडी असते. तिच्यामागे दुसऱ्या जोडीच्या जागी तोल सांभाळणारी दोन बारीक गोंडेदार बोंडं असतात. तिथं पंख होऊ न देणारं नियामक प्रथिन म्हणजे अल्ट्राबायथोरॅक्स. त्या भागात ते नसेल तर माशीला चार पंख फुटतात. अमेरिकेत एडवर्ड लुईस यांनी अशा माश्या घडवून दाखवल्या. हे प्रथिन पंखाची कोणकोणती जनुकं गप्प करतं याचा शोध एल. एस. शशिधर यांनी आधी हैदराबादला आणि मग पुण्याच्या आयसर या संशोधन संस्थेत वर्षानुवर्षं घेतला.

पण दारं धरणाऱ्याला आपलं रान दिसतं. डोळे नसलेलं प्रथिन ३०० कोटी अक्षरांत आपली सरी कशी ओळखतं? त्याआधी एक सोपं उदाहरण पाहू. विज्ञानाला दारं धरण्याचं कोडं पहिल्यांदा उलगडलं तेही दुधाच्या साखरेवरच.

५. जिवाणूचा आपोआप उघडणारा दरवाजा

पॅरिसमध्ये १९४०च्या दशकात, युद्धाच्या धामधुमीत, जाक मोनो जिवाणू वाढवत होते. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू. त्याला ग्लुकोज आणि लॅक्टोज एकदम दिलं तर तो आधी ग्लुकोज संपवतो, मग थोडा वेळ थबकतो आणि नंतर लॅक्टोज खाऊ लागतो. त्या थबकण्यात काय घडतं? त्या वेळात जिवाणू लॅक्टोज कापायची स्वतःची कात्री नव्यानं तयार करतो. आधी ती त्याच्याकडे नसल्यातच जमा असते.

मोनो आणि फ्रान्स्वा जाकोब यांनी १९६१ साली याचं स्पष्टीकरण मांडलं. कात्रीच्या जनुकापाशी, नक्कलनवीसाच्या वाटेतच, एक प्रथिन बसलेलं असतं. ते वाट अडवतं, म्हणून त्याचं नाव रिप्रेसर. पेशीत लॅक्टोज आलं की त्याचंच किंचित बदललेलं रूप या प्रथिनाला येऊन चिकटतं. प्रथिनाचा आकार थोडा बदलतो, डीएनएवरची पकड सुटते, वाट मोकळी होते आणि कात्री बनू लागते. साखर संपली की रिप्रेसर परत जागेवर येऊन बसतो.

शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे कोल्हापूरकरांना सांगायला नकोत. पावसाळ्यात कितवा दरवाजा उघडला यावर पंचगंगेकाठची माणसं कान लावून असतात. तिथं बटण दाबायला कुणी जात नाही. ठरावीक पातळीच्या वर चढलेलं पाणीच दरवाजा उघडतं आणि ओसरलं की तो मिटतो. जिवाणूचंही तसंच आहे, ज्या साखरेसाठी दार उघडायचं तीच ते उघडते. ग्लुकोज संपल्याची खबर देणारं दुसरं एक प्रथिनही तिथं असतं, ते नक्कलनवीसाला जवळ ओढतं. म्हणजे अडवणारा बाजूला व्हायला हवा आणि बोलावणाराही हजर हवा, अशा दोन अटी झाल्या.

या शोधासाठी १९६५ साली नोबेल मिळालं तेव्हा रिप्रेसर प्रत्यक्ष कुणी पाहिलेला नव्हता, तो केवळ तर्कानं मांडलेला होता. वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी तो १९६६ साली वेगळा काढला. एका जिवाणूत त्याचे रेणू जेमतेम दहाच्या घरात असतात. पेशीतल्या लाखो प्रथिनांमधून नेमकं तेच हुडकून काढण्याच्या चिकाटीला मी अजूनही मनोमन दाद देतो.

६. पान न उघडता वाचणं

डीएनएची शिडी पिळलेली आहे. दोन्ही बाजूंचे दांडे सगळीकडे सारखेच, अक्षरं आहेत ती पायऱ्यांवर. मग पायऱ्या आतून पाहण्यासाठी शिडी मधोमध उघडावी लागत असेल, असं कुणालाही वाटेल. नक्कलनवीसाला तसं करावंच लागतं. नियामक प्रथिनाला मात्र त्याची गरज नाही.

पिळामुळे शिडीच्या बाहेरच्या अंगाला दोन खाचा पडतात, एक रुंद आणि एक अरुंद. रुंद खाचेतून पायऱ्यांच्या कडा बाहेर डोकावतात. ए-टीची कड वेगळी, जी-सीची वेगळी. टी-ए अशी उलटी जोडी आली तर तीही निराळी. कुठे थोडा धन प्रभार, कुठे थोडा ऋण, कुठे एखादा फुगवटा. अंधारात उसावरून हात फिरवला की पेर कुठं संपलं आणि डोळा कुठं आहे ते सोलून न बघताही कळतं. नियामक प्रथिन असंच चाचपून वाचतं.

या चाचपण्यासाठी बऱ्याच नियामक प्रथिनांकडे स्प्रिंगसारखा वळलेला एक तुकडा असतो. त्याची जाडी रुंद खाचेत नेमकी बसेल इतकीच. तो खाचेत शिरतो आणि त्याच्या बाजूला निघालेले अमिनो आम्लांचे हात पायऱ्यांच्या कडांना लागतात. आर्जिनिन या अमिनो आम्लाचं जी अक्षराशी चांगलं जुळतं, ग्लुटामिन आणि अस्परॅजिनचं एशी. काही प्रथिनं जस्ताच्या एकेका अणूभोवती बोटासारखी घडी घालतात आणि अशी दोन-तीन बोटं ओळीनं खाचेत रोवतात. ब्रिटनमधल्या अॅरन क्लुग यांच्या प्रयोगशाळेनं १९८५ साली एका बेडकाच्या प्रथिनावरून ही जस्तबोटं ओळखली. जोर मारणाऱ्या पैलवानाच्या स्नायूंत पुरुषी संप्रेरक ज्या प्रथिनाला जाऊन मिळतं, तेही जस्ताच्या आधारानंच डीएनए धरणारं नियामक प्रथिन आहे. तालमीत घडणारं अंगही अशा प्रथिनांच्या वाटेनंच घडतं.

यातला प्रत्येक बंध एकटा अगदी दुबळा असतो. दहा-पंधरा बंध एकाच वेळी जुळले तरच पकड बसते. पत्ता चुकीचा असला तर दोन-चार बंध जुळतात आणि प्रथिन घसरून पुढं जातं. ते धाग्यावरून थोडं सरकतं, उडी मारतं, पुन्हा चाचपतं. योग्य जागी पोचल्यावरसुद्धा बहुतेक प्रथिनं काही सेकंदांपुरतीच थांबतात, मग सुटतात आणि त्यांच्या जागी दुसरी येतात. पकड अशी सैल असते म्हणूनच परिस्थिती बदलली की हुकूमही बदलता येतो. कायमची चिकटली असती तर शेतकऱ्याला सरीचं तोंड पुन्हा कधीच मोडता आलं नसतं.

७. आठ अक्षरांचं गणित

आता आपल्या गोष्टीतलं मुख्य पात्र. त्याचं नाव ऑक्ट-१. 'ऑक्ट' म्हणजे आठ. त्याला आवडणारा पत्ता आठ अक्षरांचा आहे: ए-टी-जी-सी-ए-ए-ए-टी. या प्रथिनाला दोन पंजे असतात आणि मध्ये लवचीक दोरीसारखा जोड. एक पंजा पहिली चार अक्षरं धरतो, दुसरा पुढची चार. दोन पंजे दोन अंगांनी येतात आणि डीएनएला मिठीत घेतात.

एवढा पत्ता पुरेसा आहे का, ते हिशोब करून पाहू. प्रत्येक जागी चारपैकी एक अक्षर असू शकतं. आठ जागांसाठी चाराला चारानं गुणत गेलो की ६५,५३६ शब्द होतात. म्हणजे ठरावीक आठ अक्षरी शब्द निव्वळ योगायोगानं दर ६५ हजार अक्षरांमागे एकदा सापडेल. ३०० कोटींना ६५,५३६ नं भागलं की सुमारे ४६ हजार. एवढ्या ठिकाणी तोच पत्ता! 'शाहूपुरी, कोल्हापूर' एवढंच लिहिलेलं पाकीट पोस्टमनच्या हातात दिल्यासारखं हे झालं.

त्यात पकड म्हणजे सरळ हो किंवा नाही असा प्रकार नाही. आठातली सहा-सात अक्षरं जुळली तरी ऑक्ट-१ थोडा वेळ थांबतं, फक्त पकड ढिली असते. हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

मग पेशी पत्ता नेमका कसा करते? ती शेजारी शेजारी दोन-तीन पत्ते मागते. दोन आठ अक्षरी शब्द ओळीनं हवे असतील तर सोळा अक्षरं झाली. त्यांचे शब्द ४२९ कोटी, आपल्या एका प्रतीतल्या अक्षरांपेक्षाही जास्त. आता योगायोगानं जुळायची शक्यता जवळपास संपली. म्हणून जनुकं चालवणाऱ्या जागांवर एकट्यादुकट्या नियामकाचा पत्ता क्वचितच असतो. तिथं अनेकांचे पत्ते दाटीवाटीनं असतात. लॅक्टेजच्या बाबतीत ऑक्ट-१च्या शेजारी जीएटीए-६, एचएनएफ-४ आणि सीडीएक्स-२ यांच्या जागा आहेत. ऑक्ट-१ शरीरात जवळजवळ सगळीकडे आहे, पण हे शेजारी एकत्र भेटतात ते आतड्यात. त्यामुळे कान लॅक्टेज बनवत नाही. तिथं ऑक्ट-१ असलं तरी त्याची टोळी नाही.

ऑक्ट-१चं एक भावंड आहे, ऑक्ट-४. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या कातडीच्या पेशीत ऑक्ट-४ आणि आणखी तीन नियामक प्रथिनांची जनुकं घातली. त्या पेशी भ्रूणातल्या पेशींसारख्या झाल्या, कुठलाही अवयव घडवू शकतील अशा. पोथीतलं एकही पान बदललेलं नव्हतं. बदलले होते ते पाठ सांगणारे.

८. चौदा हजार अक्षरं दूरवरून

लॅक्टेजचं जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर आहे. आपला पत्ता मात्र त्या जनुकाच्या सुरुवातीपासून १३,९१० अक्षरं मागे आहे, आणि तोही शेजारच्या एमसीएम-६ नावाच्या वेगळ्याच जनुकाच्या पोटात. लांबून जनुकाचा जोर वाढवणाऱ्या अशा तुकड्याला एन्हान्सर म्हणतात. एक पायरी ०.३४ नॅनोमीटरची धरली तर हे अंतर मिलिमीटरच्या हजार भागांपैकी पावणेपाच भाग भरतं. पेशीचं केंद्रकच मुळी त्याच्या दुप्पट रुंदीचं असेल नसेल, तेव्हा पेशीच्या हिशोबात हा लांबचा पल्ला आहे.

पण धागा ताठ नसतो. पासोडीच्या दोन टोकांवर दोन ठिपके काढा आणि ती घडी घाला. ठिपके एकमेकांवर येतात. डीएनए असाच वळतो, त्याचा फास होतो आणि एन्हान्सर जनुकाच्या तोंडाशी येऊन भिडतो. मग तिथं जमलेली नियामक प्रथिनं आणखी मंडळींना बोलावतात. काही येऊन धागा मोकळा करतात. डीएनए हिस्टोन नावाच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, ती रिळं सैल करावी लागतात. मीडिएटर नावाचा प्रथिनांचा मोठा जथा नियामक आणि नक्कलनवीस यांच्यामध्ये दुवा होऊन उभा राहतो. नक्कल सुरू होते. तालमीतला वस्ताद कुस्ती खेळत नाही, हौद्याच्या कडेला उभा राहून कुणाला आत घ्यायचं ते सांगतो. ऑक्ट-१ची भूमिका मला तशी वाटते.

धाग्याचे हे फास कोण घालतं हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे. पुण्यात संजीव गलांडे यांनी सॅटबी-१ या प्रथिनावर याच दिशेनं काम केलं. रोगप्रतिकारक पेशींत ते डीएनएच्या घड्या बांधून धरतं आणि कोणती जनुकं चालतील ते ठरवायला मदत करतं.

९. हेलसिंकी, १९५२ आणि २००२

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला कुस्ती खेळले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बरोबर पन्नास वर्षांनी, २००२ साली, त्याच हेलसिंकीतल्या संशोधकांनी आपल्या धाकट्या भावाच्या प्रश्नाचं उत्तर छापलं. ही जुळणी निव्वळ योगायोगाची, पण कोल्हापुरात दुधावर लिहिताना मला ती टाळवत नाही.

तोवरचं कोडं असं होतं. दूध पचणाऱ्यांच्या आणि न पचणाऱ्यांच्या लॅक्टेज जनुकाची तुलना केली तर फरकच सापडत नव्हता. दोघांची कात्री तंतोतंत एक. लीना पेल्टोनेन, इर्मा यार्वेला आणि नबील एनाटाह यांच्या गटानं फिनलंडमधली नऊ मोठी कुटुंबं घेतली, पिढ्या लावून पाहिल्या आणि शोध ४७ हजार अक्षरांच्या पट्ट्यापर्यंत आणला. तो पट्टा अक्षर न अक्षर वाचला. सगळा फरक एका जागी येऊन ठेपला. ज्यांना मोठेपणी दूध पचत नव्हतं त्यांच्या दोन्ही प्रतींत तिथं सी होतं. पचणाऱ्यांच्या निदान एका प्रतीत टी होतं. ती जागा म्हणजे उणे १३,९१०.

कोपनहेगनच्या संशोधकांनी २००५ साली पुढचा दुवा जोडला. त्या जागी टी असला की ऑक्ट-१ची पकड घट्ट होते, सी असला की ढिली. तिथला पत्ता हुबेहूब आठ अक्षरी आदर्श नाही, त्याच्या जवळ जाणारा आहे. म्हणूनच एका अक्षरानं एवढा फरक पडतो. पत्ता आधीच पक्का असता तर एका अक्षराचं काही चाललं नसतं.

बालपणी सी असो वा टी, लॅक्टेजचं जनुक चालतंच. तेव्हा त्याला चालवणारे इतर हात पुरेसे असतात. वय वाढतं तसे सीवाल्या प्रतीवर मिथाइलचे बारीक रासायनिक ठिपके साचत जातात, रिळं घट्ट होतात आणि पान मिटतं. टीवाल्या प्रतीवर नियामकांची ये-जा चालू राहते आणि पान मिटायचं टळतं.

१०. गुराख्यांचं अक्षर

दूध न पचणं हा दोष नाही, हे मी ठासून सांगेन. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांचं लॅक्टेज असंच कमी झालेलं असतं. जवळजवळ सगळ्या सस्तन प्राण्यांत दूध सुटल्यावर हेच होतं. सी हे माणसाचं मूळ अक्षर आहे, टी नंतर आलं. गुरं पाळून दूध पिणाऱ्या समाजांत ज्यांना टी मिळालं त्यांना दुष्काळात, आजारपणात दुधाचा आधार राहिला, त्यांची मुलं जास्त जगली आणि अक्षर पसरलं. पूर्व आफ्रिकेतल्या पशुपालकांना हाच लाभ वेगळ्या अक्षरानं झाला. तिथला बदल उणे १४,०१० या जागी आहे, बरोबर शंभर अक्षरं मागे. दोन्ही बदल एकाच एन्हान्सरमधले, पण एकमेकांशी संबंध नसलेले. ते २००७ साली कळलं.

आणि आपल्याकडे? हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ आणि त्यांचे परदेशी सहकारी यांनी भारतीय उपखंडातल्या दोन हजारांहून अधिक लोकांचा डीएनए तपासला. दूध पचवणारं अक्षर युरोपातलंच निघालं, उणे १३,९१०चा टी, आणि त्याच्या आजूबाजूचा मजकूरही तोच. म्हणजे मूळ एकच. त्याचं प्रमाण वायव्येला जास्त आणि आग्नेयेकडे कमी होत जातं. कोल्हापूर या उताराच्या मधल्या पट्ट्यात येतं. एकाच तालमीत, एकाच घरात दोन्ही प्रकारची माणसं भेटतात त्यात नवल नाही.

११. मग त्या दोन भावांचं काय?

आई सी-टी आणि वडील सी-सी आहेत असं धरू. वडिलांकडून प्रत्येक मुलाला सीच मिळणार. आईकडून सी किंवा टी, नाणं उडवल्यासारखं. थोरल्याला टी मिळाला, धाकट्याला सी. एक टी पुरतो, कारण एका प्रतीकडून अर्धी कात्री जरी आली तरी पेलाभर दुधाला ती पुष्कळ होते. तिसरा भाऊ झाला तर पुन्हा निम्मी-निम्मी शक्यता.

सवयीनं फरक पडतो का? रोज दूध पिऊन लॅक्टेजचं जनुक जागं होत नाही. राधानगरीचा दरवाजा जिवाणूकडे आहे, आपल्याकडे नाही. आपलं दार दूध बघून उघडत नाही, वयाबरोबर मिटतं. पण रोज थोडं थोडं दूध घेत गेलं तर मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती बदलते, वायू कमी करणाऱ्यांची संख्या वाढते आणि त्रास थोडा उतरतो. 'सवय केली की पचतं' या म्हणण्यात तेवढं तथ्य आहे.

धाकट्याला दूध अजिबात बंद करायचीही गरज नसते. लॅक्टेज कमी असलेल्या पुष्कळ जणांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे पेलाभर दूध, विशेष त्रास न होता चालतं. जेवणाबरोबर घेतलं तर आणखी बरं. त्याहून संवेदनशील असेल तर दही. विरजणातले जिवाणू दूध लागताना त्यातलं काही लॅक्टोज खाऊन टाकतात आणि उरलेलं कापायची कात्री स्वतःबरोबर आतड्यात घेऊन येतात. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतंच.

तेव्हा कट्ट्यावर थोरल्यानं धारोष्ण पेला घ्यावा, धाकट्यानं घरी येऊन ताटाशेजारी ताकाचा तांब्या. ताकातले जिवाणू कधीच कात्र्या काढून कामाला लागलेत.